येताना दुसऱ्या रस्त्यानं

"ही बस नाही चालायची," धैर्या म्हणाला आणि माझ्या कुडत्याची बाही धरून त्यानं मला पायरीवरून खाली ओढलं.

"का? आपलीच तर बस आहे."

"म्हणूनच. सकाळी आपण हिनंच आलो."

ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं. फिनलंडमधले बसड्रायव्हर कुणाला काही विचारत नाहीत. ते वाट पाहतात, आणि वाट पाहून झाली की दार लावतात. दार लागलं. बस गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पुढची बस एक वाजून दहा मिनिटांनी होती. मला बरोबर एक वाजता ऑफिसात बसलेलं असायला हवं होतं, नाहीतर माझी नोकरी जाणार होती.

"धैर्या, तू काय केलंस ते तुला कळतंय का?"

"तुझ्या अम्मीला शब्द दिलाय मी," तो म्हणाला. त्याच्या हातात शिरखुर्म्याचा स्टीलचा डबा होता. शब्द दिलेला माणूस आणि हातात गरम डबा असलेला माणूस, दोघांशीही वाद घालता येत नाही. इथं दोघं एकच होते.

मी मुदस्सर परकार, बाणकोटच्या खाडीकाठचा. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि सौनाच्या भट्ट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी इंजिनिअर होतो. सौना म्हणजे लाकडी खोली. ती नव्वद अंशांपर्यंत तापवायची आणि आत कपडे काढून गप्प बसायचं. फिनिश लोक याला विश्रांती म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात हे सगळं फुकट मिळतं, कपडे तेवढे काढत नाहीत.

धैर्या म्हणजे धैर्यशील माने, वाळवा तालुक्यातला. त्याच कारखान्यात प्रोग्रॅमर आणि माझ्या फ्लॅटमधला भागीदार. रमजानभर मला पहाटे सहरीच्या जेवणाला उठवायचं काम अम्मीनं परस्पर त्याच्याकडे दिलं होतं. आपल्या मुलाला चोवीस वर्षं ओळखत असल्यामुळे तिचा विश्वास धैर्यावर होता. तो उठवायचा, मी रोजा ठेवायचो. महिन्याअखेर माझं वजन चार किलो घटलं आणि त्याचं तीन किलो वाढलं, कारण उठवल्यावर सोबत म्हणून तोही जेवायचा, आणि मग दुपारी परत जेवायचा.

ईदच्या आदल्या दिवशी अम्मीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मला सूचना दिल्या. मग म्हणाली, "फोन धैर्यशीलला दे." त्याला तिनं त्याच सूचना पुन्हा दिल्या, सावकाश, लिहून घेता येतील अशा. त्यानं त्या मार्करनं फ्रिजवर लिहिल्या. एक, आंघोळ. दोन, बाहेर पडण्याआधी गोड खाणे. तीन, नमाजनंतर तीनदा गळाभेट. चार, जाताना एका रस्त्यानं जाणे, येताना दुसऱ्या.

आमच्या गावात इदगाहला जाताना सगळे बाजारातून जातात आणि येताना खाडीच्या अंगानं येतात. अब्बाही तसेच जायचे-यायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी माझं सगळं लक्ष ईदीच्या पैशांकडे असायचं.

अडचण अशी होती, की आमचा कारखाना आणि आमचा फ्लॅट एका बेटावर होता. चारी बाजूंनी तळं. बेटाला पूल एक. पुलावर रस्ता एक. त्या रस्त्यावर बस एक. आम्ही तिनंच शहरात आलो होतो आणि शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली, शंभरेक सोमाली, बोस्नियन आणि बांगलादेशी लोकांबरोबर मी ईदची नमाज पढलो होतो. धैर्या मागच्या बाकावर डबा घेऊन बसला होता. खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, फिनिशमध्ये होता. मला काही कळलं नाही. धैर्याला अर्धा कळला, कारण तो ॲपवर फिनिश शिकत होता. "चांगलं बोलले," असं त्यानं मला नंतर सांगितलं.

आणि एक वाजता माझी पिर्कोबरोबर मीटिंग होती. पिर्को माझी साहेबीण. माझे सहा महिन्यांचे चाचणीचे दिवस संपत आले होते. तिनं सही केली तर नोकरी पक्की. तीन वाजता ती ऑगस्टपर्यंतच्या सुट्टीवर तळ्यापलीकडच्या आपल्या कॉटेजवर जाणार होती, आणि फिनिश माणूस कॉटेजवर गेला की फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. सही नसेल तर तीस जूनला माझा इथं राहण्याचा परवाना संपणार होता आणि एक जुलैला मी बाणकोटात अम्मीला हे समजावून सांगत बसणार होतो.

"मी नकाशा बघून ठेवलाय लेका," धैर्या म्हणाला. "दोन दिवस बघतोय. धक्क्यावरून लाँच सुटते. उन्हाळ्यात रोज. बारा वाजता तू घरात."

धक्क्यावर पाटी होती. धैर्यानं ती मोठ्यानं वाचली, मग हळू वाचली, मग मनात वाचली.

"काय लिहिलंय?"

"लाँच रोज सुटते," तो म्हणाला. "सोमवारपासून."

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. शेजारी त्याची होडी बांधलेली. धैर्या सरळ त्याच्याकडे गेला. फिनलंडमध्ये अनोळखी माणसाकडे सरळ जाणं हा गुन्हा नाही, पण तसं कुणी करून बघितलेलंही नाही.

म्हाताऱ्याचं नाव ओलावी. वय एक्काहत्तर. राहायला आमच्याच बेटावर. तो तोडकं इंग्रजी बोलत होता, धैर्या तोडकं फिनिश. दोघांचं मिळून एक वाक्य होत होतं.

"तुमच्या होडीतून आम्हाला बेटावर न्याल का?" धैर्यानं विचारलं.

ओलावीनं तळ्याकडे पाहिलं. "पूल आहे."

"आहे."

"बस आहे."

"आहे."

"पूल पडला?"

"नाही."

"मग?"

"सकाळी आम्ही पुलावरून आलो. आज याचा सण आहे. येताना वेगळ्या रस्त्यानं यायचं असतं."

"का?"

धैर्यानं माझ्याकडे पाहिलं. मी धैर्याकडे पाहिलं. म्हातारा वाट पाहत होता.

"ते अम्मीला विचारावं लागेल," मी म्हणालो.

ओलावीनं यावर मिनिटभर विचार केला. मग गळ गुंडाळला. "समजलं," तो म्हणाला. "पण माझं मनगट दुखतं. वल्हवायचं तुम्ही."

"त्याची काळजी नको!" धैर्या म्हणाला. "याचे वडील खाडीत होडी चालवायचे. याच्या रक्तातच आहे."

हे खरं होतं. अब्बांची खाडीत प्रवासी होडी होती. माणसं, कोंबड्या आणि मोटारसायकली ते या काठावरून त्या काठावर नेत. माझ्या रक्तात मात्र वेगळंच होतं. मला होडी लागायची. काठावर बांधलेली होडी बघूनही मला मळमळायचं. अब्बांनी मला शिकायला पाठवलं ते शिक्षणाच्या प्रेमापोटी, असं सगळे समजतात. खरं कारण म्हणजे मी होडीत बसलो की गिऱ्हाईक उतरून जायचं.

आणि तरीही नोकरीच्या अर्जात 'छंद' या रकान्यात मी 'नौकानयन' लिहिलं होतं. काहीतरी लिहायचं म्हणून. आपल्याकडे तो रकाना कुणी वाचत नाही.

ओलावीनं आम्हाला लाइफ जॅकेटं दिली. कुडत्यावर नारंगी जॅकेट आणि डोक्यावर टोपी, असा मी वल्ही घेऊन बसलो. पावणेअकरा वाजले होते. समोरचं बेट स्पष्ट दिसत होतं. मी जोर लावला. होडी सुंदर वळली आणि बेट मागे गेलं. आणखी जोर लावला. बेट पुन्हा समोर आलं. मग गेलं.

"प्रदक्षिणा घालतोयस काय रे?" धैर्या म्हणाला.

"प्रवाह आहे."

"तळ्याला?"

सहाव्या फेरीनंतर ओलावीनं डाव्या हाताकडे बोट दाखवलं आणि "जास्त," म्हणाला. मग उजव्याकडे बोट दाखवून "कमी." एवढीच शिकवणी. पण त्यानंतर आम्ही फेऱ्यांऐवजी नागमोडी जायला लागलो आणि तासाभरात तळ्याच्या मधोमध पोचलो. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. धैर्याचा चेहरा हिरवा पडला होता. होडी लागत होती ती त्याला. मला आश्चर्य वाटलं की मला काहीच होत नव्हतं. मळमळायला वेळच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. फिनलंडमध्ये तळ्याच्या मधोमधही नेटवर्क फुल असतं. आमच्या गावात ते मशिदीच्या गच्चीवर जाऊन शोधावं लागतं.

पडद्यावर अम्मी होती. मागे भांड्यांचे आणि पाहुण्यांचे आवाज.

"ईद मुबारक! कुठं आहात रे? हे पाणी कसलं?"

"ईद मुबारक, अम्मी," धैर्या क्षीण आवाजात म्हणाला. "होडीत आहोत. दुसऱ्या रस्त्यानं चाललोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणं."

"होडीत? आणि वल्हवतंय कोण?"

"मुदस्सर."

अम्मीच्या मागचे पाहुण्यांचे आवाज थांबले. "या अल्लाह," ती म्हणाली. "पोरांनो, होडीत कशाला बसलात?"

"अम्मी, इथं रस्ताच एक आहे. एकाच रस्त्यानं दोनदा कसं जायचं?"

"अरे बाबा, रस्ता एक असेल तर येताना त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं यायचं! डावीकडून गेलात तर उजवीकडून या, एवढंच! आणि तेही जमलं तर. नाही जमलं तर काही बिघडत नाही!"

मी वल्ही होडीत आडवी ठेवली.

"बसची सीट बदलली असती तरी चाललं असतं?" धैर्यानं विचारलं.

"चाललं असतं की!" अम्मी हसायला लागली. मागचे पाहुणेही हसायला लागले. "आणि तो कोण म्हातारा तिथं? त्यांना शिरखुर्मा दिलास का? नाही ना? लाज कशी वाटत नाही रे तुला, माणसाच्या होडीत बसतोस आणि डबा मांडीवर धरून बसतोस?" मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

धैर्यानं डबा उघडला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. हा शिरखुर्मा त्यानंच पहाटे उठून केला होता, अम्मीला फोनवर दूध दाखवत दाखवत. ओलावीनं झाकणात वाढून घेतला. एक घास खाल्ला. शेवया, खजूर आणि चारोळी यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. दुसरा घास खाल्ला. झाकण रिकामं झालं तेव्हा त्यानं ते पुढे केलं.

"आवडला का?" मी विचारलं.

"वाईट नाही," ओलावी म्हणाला. फिनिश भाषेत कौतुक याच्या वर जात नाही.

बारा वाजून गेले होते. मी पुन्हा वल्ही उचलली, आणि घाईघाईत 'जास्त' आणि 'कमी' यांची उलटापालट केली. होडी परत गोल फिरायला लागली. चौथ्या फेरीत मला बेटाकडून येणारी एक मोटारबोट दिसली. पाचव्या फेरीत ती जवळ आली. सहाव्या फेरीत मला तिच्यात उभी असलेली बाई दिसली, आणि मी वल्ही सोडली.

पिर्को होती. मागे दोन सुटकेसा आणि एक कुत्रा.

"मदत हवी आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"हो," धैर्या म्हणाला.

"मी लांबून पाहत होते. तुम्ही सारखे गोल फिरत होता. मला वाटलं कुणी आजारी आहे." मग तिनं जॅकेटच्या वरचा चेहरा पाहिला. "मुदस्सर?"

"आपली एक वाजता मीटिंग आहे," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

"आज तुझा सण आहे ना? मला वाटलं तू येणारच नाहीस. सणाच्या दिवशी कामावर कोण येतं? म्हणून मी लवकर निघाले. ऑगस्टमध्ये बसू."

"ऑगस्टमध्ये मी घरी असेन."

"छान. सुट्टीवर?"

"नाही. कायमचा." मग मी तिला तीस जूनचं सांगितलं.

पिर्को दहा सेकंद गप्प राहिली. तिच्या लोकांत ही किंकाळी समजली जाते.

"हे मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग वाकून तिनं आमच्याकडे दोर फेकला. ओलावीनं तो बांधला. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. बेटावर सगळे सगळ्यांना ओळखतात, बोलत तेवढे नाहीत. "तुझे कागद पिशवीत आहेत. कॉटेजवर वाचणार होते. आता वाचते."

आणि ती वाचायला लागली. पहिलं पान. दुसरं पान. दोन होड्या शेजारी शेजारी डुलत होत्या. कुत्रा माझ्याकडे बघत होता. ओलावीनं तिसऱ्यांदा शिरखुर्मा वाढून घेतला.

"काय म्हणतीय?" धैर्या मराठीत कुजबुजला.

"वाचतेय."

"चेहरा कसा आहे?"

"फिनिश."

तिसऱ्या पानावर पिर्को थांबली. तिनं बोट ठेवलं, वर पाहिलं, आमच्या होडीकडे पाहिलं, माझ्यासमोरच्या वल्ह्यांकडे पाहिलं.

"छंद," ती म्हणाली. "नौकानयन."

प्रवाहाचं सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण तळं आरशासारखं होतं.

"ते खोटं आहे," मी म्हणालो. "मी आज पहिल्यांदा वल्हं धरलं. मला होडी लागते. रकाना रिकामा दिसत होता म्हणून लिहिलं."

धैर्यानं डोळे मिटले. पिर्कोनं पान खाली ठेवलं. या देशात रस्त्यात सापडलेला हातमोजासुद्धा लोक कुंपणावर अडकवून ठेवतात, मालकाला मिळावा म्हणून. तिथं मी सही करणाऱ्या बाईला अर्जात खोटं लिहिल्याचं सांगत होतो.

"आणखी काय काय खोटं आहे?"

"'दबावाखाली शांत राहतो' असं कुठंतरी लिहिलंय."

"पान चार," ती म्हणाली. "आणि भट्ट्यांचे आकडे?"

"ते खरे आहेत."

"माहीत आहे. गेला महिनाभर तू दिवसभर पाणीही न पिता नव्वद अंशांच्या भट्ट्या तपासत होतास. मला वाटलं, इतका थकलेला माणूस आकडे अंदाजानं लिहील. म्हणून रोज संध्याकाळी मी ते पुन्हा मोजले. एकही चुकला नव्हता."

"रोज?" मी म्हणालो.

"रोज. छंद खोटा का लिहिलास आणि आकडे खरे का लिहिलेस?"

"आकड्यांवर कुणाचं तरी घर जळू शकतं," मी म्हणालो. "माझ्या छंदानं काय होणार?"

"मला चाळीस मिनिटं उशीर," पिर्को म्हणाली. आता मी तिला पाच वर्षं ओळखल्यानंतर सांगू शकतो, की हा विनोद होता. तेव्हा मला घाम फुटला. तिनं पेन काढलं, 'नौकानयन'वर रेघ मारली आणि त्याच्यापुढं काहीतरी लिहून कागद माझ्यापुढं धरला. "इथं तूही सही कर."

तिनं लिहिलं होतं, 'शिकतो आहे.'

मी डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. शेवटच्या पानावर तिनं केली. त्या करारावर आजही दुधाचा एक गोल डाग आहे.

"तीन नंबर राहिला," धैर्या अचानक म्हणाला.

"कसला?"

"गळाभेट! मी अनोळखी लोकांत कशाला घुसू म्हणून सकाळी थांबलो. अम्मीनं बजावून सांगितलंय." आणि तो उठून उभा राहिला. होडी कलली. मीही उभा राहिलो, कारण एकानं उभं राहिल्यावर दुसऱ्यानं समतोल राखायचा असतो, असं मला वाटलं. ते चुकीचं होतं. आम्ही एकमेकांना घट्ट धरलं ते ईदसाठी की बुडू नये म्हणून, हे सांगणं अवघड आहे. तीनदा मात्र धरलं. तिसऱ्या वेळी माझी टोपी पाण्यात पडली. ओलावीनं मासे काढायच्या जाळीनं ती अलगद वर काढली, पिळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

मग त्यानं विचारलं, "मला पण?"

"तीनदा," मी बजावलं.

"तीनदा," त्यानं मान्य केलं, आणि उभं न राहता, दोन्ही हात पुढे करून, एखादा मोठा मासा उचलावा तसं मला धरलं. पिर्कोनं हे पाहिलं आणि घाईघाईनं दोर सोडला. बरीच दूर गेल्यावर मात्र तिनं हात हलवला. कुत्राही भुंकला.

वाटेत मी अम्मीला 'पण दुसरा रस्ता का?' असं लिहून विचारलं होतं. बेटाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा तिचा आवाजी निरोप येऊन पडला होता. मी हे कधीतरी विचारावं असं तिला चोवीस वर्षं वाटत होतं बहुतेक, कारण तिनं अगदी तयार उत्तर दिलं होतं. मी ते ओलावीला इंग्रजीत सांगितलं.

"तुम्ही विचारलं होतं ना, वेगळ्या रस्त्यानं का यायचं? अम्मी म्हणते, आमचे अब्बा सांगायचे की जाताना एका गल्लीतली माणसं भेटतात. येताना दुसऱ्या गल्लीनं आलं, की जी भेटली नसती तीही भेटतात. सगळ्यांना ईद मुबारक म्हणून होतं. तेवढंच कारण."

ओलावी होडी बांधत होता. गाठ पक्की झाल्यावरही तो तिच्याकडे पाहत राहिला.

"एक्काहत्तर वर्षं मी त्याच रस्त्यानं जातो आणि त्याच रस्त्यानं येतो," तो म्हणाला. मग डब्यात डोकावून बघितलं. "म्हणूनच हे कधी भेटलं नाही."

त्या उन्हाळ्यात त्यानं मला वल्हवायला शिकवलं. एकूण बारा शब्दांत. धैर्या काठावर बसून मोजायचा.

पुढच्या ईदला आम्ही होडीनं गेलो. मी सरळ वल्हवत नेली, फक्त एक फेरी झाली, तीही जुन्या आठवणीखातर. येताना तिघं बसनं आलो, कारण आता तो दुसरा रस्ता होता. ड्रायव्हर तोच होता. ओलावीनं तिकीट काढलं, आणि मागं जाऊन बसण्याऐवजी तो ड्रायव्हरपाशीच थांबला.

"ईद मुबारक," तो म्हणाला.

ड्रायव्हरनं वाट पाहिली. ओलावीनंही वाट पाहिली. मग ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला आणि त्यानं दार लावलं. बसमध्ये आणखी सात जण होते. ओलावी एकेकापाशी गेला आणि सातही जणांना ईद मुबारक म्हणाला. एक माणूस पुढच्याच स्टॉपवर उतरून गेला.

"तो सकाळीपण या रस्त्यानं गेला असणार," धैर्या म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडून उरलेल्या सहा जणांसाठी चमचे मोजायला लागला.